नऊ दिवसांचा पूर, पावणेचार तास

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फुटांची पातळी गाठली. सांगलीत इशारा पातळी ४० फुटांची आणि धोक्याची ४५ फुटांची. २००५ चा पूर म्हणजे शेवटची हद्द, असं आमच्या गावभागात सगळेच धरून चालले होते. ती हद्द मागे पडली. आमच्या घरात पाणी जिन्याच्या नवव्या पायरीपर्यंत चढलं. पूर ओसरल्यावर भिंतीवर चिखलाची रेघ राहिली होती, ती बाबांनी सुताराच्या पेन्सिलीनं ठळक करून ठेवली. पुढे रंगकाम काढलं तेव्हाही रंगाऱ्याला सांगून तेवढी वीतभर पट्टी त्यांनी तशीच सोडायला लावली.

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य विभागात शिकवते. पीएचडीला विषय घ्यायची वेळ आली तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही. भिलवडीपासून नृसिंहवाडीपर्यंतचा तो पूर संगणकावर पुन्हा मांडायचा, म्हणजे पाणी कोणत्या गल्लीत कोणत्या तासाला शिरलं, किती चढलं, कुठून परत फिरलं हे काढायचं. हरिपूरला कृष्णेला वारणा मिळते आणि खाली नृसिंहवाडीला पंचगंगा. वारणा फुगली की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे सांगलीत तुंबतं, हे इथल्या कुठल्याही नावाड्याला ठाऊक आहे. किती तुंबतं आणि किती वेळ, हे मात्र आकड्यांत मांडलेलं मला हवं होतं. त्याच पुरात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं गेली. पाणी कधी आणि कुठून येणार हे काही तास आधी कळणं याची किंमत आम्हाला तेव्हापासून वेगळी सांगावी लागत नाही.

मांडणीसाठी मी अनुगा ही प्रणाली घेतली. ऑस्ट्रेलियातल्या राष्ट्रीय विद्यापीठानं आणि तिथल्या सरकारी भूविज्ञान संस्थेनं मिळून केलेली, मोफत आणि खुली. ती सगळी जमीन लहान लहान त्रिकोणांत तोडते. प्रत्येक त्रिकोणात पाणी किती खोल आहे आणि कुठल्या दिशेनं किती जोरात चाललंय याचा हिशेब ठेवते. मग काळ एक छोटं पाऊल पुढे सरकवते, शेजारच्या त्रिकोणातून किती आलं, किती गेलं ते मांडते आणि पुढचं पाऊल टाकते. गणित नवं नाही. फक्त ते लाखो त्रिकोणांत लाखो वेळा करायचं असतं.

विभागातल्या संगणकावर सुरुवातीला मोठे त्रिकोण घेतले. चार दिवसांत उत्तर आलं, आणि ते कामाचं नव्हतं. त्या जाळ्यात मारुती चौकाचा रस्ता नव्हता, घाट नव्हता, रस्त्यांचे भराव नव्हते. पाणी सगळ्या गावावर सपाट पसरत होतं, आणि खऱ्या पुरात ते तसं येत नाही. ते नाल्यातून मागच्या दारानं येतं, उंच रस्त्याला अडतं, तो ओलांडला की एकदम पलीकडच्या खोलगट वस्तीत उतरतं. उपग्रहावरून घेतलेले ३० मीटरचे उंचीचे आकडे यासाठी पुरत नाहीत. दोन उन्हाळी सुट्ट्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही टोटल स्टेशन आणि स्टाफ ही मोजणीची साधनं खांद्यावर टाकून गल्लीबोळांतून लेव्हल, म्हणजे जमिनीची उंची, घेत फिरलो. घराघरांत विचारून भिंतींवरच्या रेघा मोजल्या. नदीकडेच्या बाजूनं बारीक आणि शेतांकडे मोठे असे १२ लाख त्रिकोण झाले. अर्जुनवाड आणि समडोळीसारख्या मापनकेंद्रांचे त्या दिवसांतले आकडे मिळवायला एका कार्यालयात चार महिने खेटे घालावे लागले. तेही मिळाले.

मग हिशेब केला. आमच्या संगणकाला हे जाळं घेऊन नऊ दिवसांचा पूर मांडायला साधारण दोन महिने लागणार होते. एकदा. आणि पात्राचा खरखरीतपणा, ज्याला आम्ही मॅनिंगचा एन म्हणतो, तो बदलून बदलून मला साठेक वेळा तरी मांडायचा होता. तरी सुरू केलं. बाराव्या दिवशी रात्री वीज गेली, यूपीएस संपला आणि मी मधला टप्पा साठवायची सोय केलेली नसल्यामुळे बारा दिवस गेले.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे, माझ्या मार्गदर्शकांकडे गेले. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "आता परमसाठी अर्ज कर."

परम हे नाव मी शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं. भारताला हवा तसा महासंगणक अमेरिकेनं दिला नाही, मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणनाची सरकारी संस्था उभी राहिली आणि अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावच्या डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला, एवढं सगळ्यांना माहीत असतं. सरांनी त्या दिवशी त्यातली मला माहीत नसलेली बाजू सांगितली. ते तेव्हा तरुण अधिव्याख्याते होते आणि पुण्यात प्रशिक्षणाला गेले होते. क्रे या अमेरिकी महासंगणकासारखं यंत्र म्हणजे थोडे पण अतिशय वेगवान प्रोसेसर. तसा प्रोसेसर आपल्याकडे नव्हता. बाजारात मिळत होता तो इन्मॉस कंपनीचा ट्रान्सप्युटर, एक छोटी चिप, तिला शेजाऱ्यांशी बोलायला चार तारा. अशा कित्येक चिपा एकत्र जोडल्या आणि काम त्यांच्यात वाटून दिलं. "चिप आपली नव्हती," सर म्हणाले, "वाटणी आपली होती. आम्हाला तिथे पहिल्या दिवसापासून एकच विचारायचे. तुमचं गणित तोडता येतं का? तोडलं तर तुकडे एकमेकांशी किती बोलणार?"

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. पुढची दोन वर्षं माझं सगळं काम त्या दोन प्रश्नांभोवती फिरलं.

मी अर्ज केला तो राष्ट्रीय महासंगणन मिशनखाली पुण्यात बसवलेल्या यंत्रासाठी. हे मिशन केंद्र सरकारनं मार्च २०१५ मध्ये मंजूर केलं, ४५०० कोटी रुपयांचं, सात वर्षांसाठी. विज्ञान-तंत्रज्ञान विभाग आणि इलेक्ट्रॉनिक्स-माहिती तंत्रज्ञान खातं यांचं मिळून. काम सी-डॅक आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे. वाराणसीच्या आयआयटीत २०१९ मध्ये परम शिवाय बसला, मग खरगपूरला परम शक्ती, पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म, बंगळूरला परम प्रवेग. मला यातली सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट यंत्रांच्या यादीत दिसत नाही. या मिशननं एकच मोठं यंत्र एका जागी न ठेवता देशभरच्या संस्थांत यंत्रं बसवली, ती राष्ट्रीय ज्ञान जाळ्यानं जोडली, आणि माणसं शिकवायला खरगपूर, मद्रास, गोवा आणि पालक्काडच्या आयआयटींत प्रशिक्षणाची केंद्रं काढली. पुराचं काम तर मिशनच्या स्वतःच्या विषयांतच आहे. सी-डॅकनं केंद्रीय जल आयोगाबरोबर महानदीच्या खोऱ्यासाठी पुराच्या पूर्वसूचनेची मांडणी केली, तीही याच अनुगावर. हे कळलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, आपण चुकीच्या वाटेवर नाही.

अर्ज पाच पानांचा होता. प्रकल्पाचा सारांश, मार्गदर्शकांची सही, प्राचार्यांची सही आणि शिक्का, वापराच्या नियमांची हमी, हे सगळं एका आठवड्यात झालं. अडले ते एका रकान्यापाशी. "आपला प्रोग्रॅम एका वेळी किती कोअर वापरू शकतो? त्याचा पुरावा जोडा." त्याच्या खाली, "एकूण किती कोअर-तास हवेत?"

कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे हिशेब करणारा एक भाग. कोअर-तास म्हणजे मजुरीच्या हिशेबातला मनुष्यदिवस समजा. ४८ कोअर एक तास चालले तर ४८ कोअर-तास. पण पुरावा कसा जोडायचा? माझ्याकडे मोठं यंत्र नाही म्हणूनच तर मी मागत होते. यावर मी आठ दिवस अडून राहिले. शेवटी सरांनी सुचवलं, तुझ्या चार कोअरवर एक, दोन, चार असं चालवून बघ, वेळ कसा कमी होतो ते तक्त्यात मांड आणि पुढचा अंदाज प्रामाणिकपणे लिही. तसंच केलं. एक लाख कोअर-तास मागितले. खाली लिहिलं की ४८ च्या पुढे हा प्रोग्रॅम कसा वागेल हे पहिल्या महिन्यात तपासून कळवू. समितीनं तेवढं मान्य केलं, पण आधी दहा हजारच दिले आणि तपासणीचा तक्ता आल्यावर बाकीचे देऊ असं कळवलं. ही पद्धत मला मनापासून पटली. लोकांच्या पैशाचं यंत्र आहे, ते कुणाच्या अंदाजावर आठवडाभर फुकट तापू नये.

यूजरनेम आलं तेव्हा मी वर्गावर होते. तास संपवून स्टाफरूममध्ये आले आणि एसएसएचनं, म्हणजे दूरच्या यंत्राशी जोडून घेण्याच्या सोयीनं, आत शिरले. समोर काळी खिडकी, वर यंत्राचं नाव, खाली सूचना. सांगलीत बसून पुण्यातल्या त्या यंत्राच्या उंबऱ्यावर मी उभी होते. उंबरा हाच शब्द बरोबर आहे, कारण आपण उतरतो तो लॉगिन नोडवर. नोड म्हणजे त्या मोठ्या यंत्रातला एक संगणक. तिथे फायली ठेवायच्या, प्रोग्रॅम तयार करायचा, कामाची चिठ्ठी लिहायची. खरं काम आतल्या कंप्यूट नोडवर होतं आणि तिथे चिठ्ठीशिवाय जाता येत नाही. हे सूचनेत लिहिलेलं होतं. तरी तिसऱ्या दिवशी मी एक "छोटीच" चाचणी लॉगिन नोडवर चालवली. वीस मिनिटांत ती बंद केली गेली आणि सपोर्टकडून मेल आला: मॅडम, लॉगिन नोड सगळ्यांचा आहे, सोबत नमुन्याची स्क्रिप्ट जोडली आहे, अडलं तर फोन करा. मी माफी मागितली आणि त्या स्क्रिप्टवरूनच पुढे सगळं लिहायला शिकले.

अनुगा तिथे बसवायला दोन आठवडे गेले. पायथन, त्यावर एमपीआय, म्हणजे कोअरनी एकमेकांशी बोलण्याची ठरलेली भाषा, त्यावर नकाशाच्या फायली वाचणारी लायब्ररी. प्रत्येकाची आवृत्ती दुसऱ्याशी जुळावी लागते. मग पहिलं खरं काम स्लर्मकडे दिलं. स्लर्म म्हणजे त्या यंत्राचा नंबर लावणारा मुकादम: कुणाला किती नोड, किती वेळ, कोण आधी, कोण नंतर, सगळं तो ठरवतो. एका नोडवर ४८ कोअर, मी पूर्ण एक नोड मागितला. काम सुरू झालं आणि वेग आमच्या जुन्या संगणकाइतकाच. दोन दिवस मला काही कळेना. शेवटी प्रत्येक कोअरला स्वतःची ओळख छापायला सांगितली. उत्तर आलं, "माझा क्रमांक ०, एकूण १." तीच ओळ ४८ वेळा.

म्हणजे प्रत्येक कोअर स्वतःला एकटा समजत होता. मी प्रोग्रॅम एका एमपीआयनं बांधला होता आणि दुसऱ्या एमपीआयनं चालवला होता. काम वाटलंच गेलं नव्हतं. ४८ जण शेजारी शेजारी बसून प्रत्येक जण अख्खा पूर एकट्यानं मांडत होता. मी सपोर्टच्या त्या मुलीला फोन केला. वयानं माझ्या विद्यार्थिनींएवढी असेल. ती म्हणाली, "मॅडम, हे सगळ्यांचं एकदा होतं. आधीचे सगळे मॉड्यूल काढून टाका, एकच ठेवा आणि पुन्हा बांधा." संध्याकाळी पुन्हा चालवलं. ० ते ४७, सगळे क्रमांक आले. मी ते पान छापून अजून टेबलाच्या काचेखाली ठेवलेलं आहे.

३८ तास. दोन महिन्यांचं काम ३८ तासांत झालं.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात जास्त शिकवून गेला, म्हणून थोडा सावकाश सांगते. ४८ वर ३८ तास लागत असतील तर चौपट कोअर घेतल्यावर साडेनऊ तास लागायला हवेत. १९२ घेतले, लागले ११. ठीक. ३८४ घेतले, साडेपाच यायला हवे होते, आले ९. कोअर दुप्पट केले आणि हाती फक्त दोन तास आले.

आमच्याकडे भाऊवाटणी झालेली शेतं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे लगेच समजेल. एकत्र रान असलं की नांगर सलग चालतो. त्याचे आठ वाटे केले की प्रत्येकाला जमीन कमी येते, पण बांध वाढतात, आणि बांधावर दर वेळी शेजाऱ्याला विचारल्याशिवाय काही करता येत नाही. १२ लाख त्रिकोण ४८ कोअरमध्ये वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला २५ हजार येतात. ३८४ मध्ये वाटले की तीन हजारांच्या थोडे वर. प्रत्येक तुकड्याच्या कडेवर शेजारच्या तुकड्यातल्या त्रिकोणांची एक प्रत ठेवावी लागते, तिला घोस्ट म्हणतात, आणि दर पावलाला ती प्रत ताजी करून घ्यावी लागते. तुकडा लहान झाला की आतलं काम झटकन संपतं आणि कोअर बांधावर शेजाऱ्याच्या निरोपाची वाट पाहत उभा राहतो. इन्फिनिबँडसारखं वेगवान जाळं असतं ते यासाठीच, तरी वाट पाहणं शून्य होत नाही. सरांना प्रशिक्षणात विचारलेला तो दुसरा प्रश्न हाच होता. चिपा बदलल्या, चार तारांच्या जागी मोठं जाळं आलं, प्रश्न जिथल्या तिथे आहे.

मी १९२ वर थांबले. पण अकरा तासही मला खटकत होते. प्रत्येक पावलाची लांबी पाहिली तर ती सगळीकडे अपेक्षेपेक्षा फार कमी येत होती. या पद्धतीत एक कडक नियम आहे: पाण्याची लाट एका पावलात त्रिकोण ओलांडून जाता कामा नये. त्यामुळे सगळ्यात चिंचोळा त्रिकोण जेवढं पाऊल टाकू देतो तेवढंच सगळ्या १२ लाखांना टाकावं लागतं. दिंडीत सगळ्यात सावकाश चालणाऱ्या म्हातारीच्या चालीनं सगळ्यांनी चालायचं, तसं. तो त्रिकोण शोधायला मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो सापडला हरिपूर रस्त्याला. नकाशा काढताना मी नदीची कड आणि रस्त्याच्या भरावाची कड अशा दोन रेषा वेगवेगळ्या दिवशी काढल्या होत्या. एका वळणावर त्या दोन्हींमध्ये जेमतेम अडीच मीटर अंतर राहिलं होतं. जाळं विणणाऱ्या प्रोग्रॅमनं त्या फटीत सुईसारखे त्रिकोण भरले होते. सहा-सात त्रिकोण, बस. त्यांच्यापायी हजारो कोअर-तास गेले होते.

मी रविवारी सकाळी हरिपूरला त्या वळणावर जाऊन उभी राहिले. जागेवर दोन वेगळ्या कडा नाहीतच, भराव तिथे सरळ पात्रात उतरतो. दोन रेषांची एक केली. पाऊल तिप्पट लांब झालं. पुढचं काम सोमवारी रात्री दिलं आणि पहाटे उत्तर तयार होतं. नऊ दिवसांचा पूर, पावणेचार तास.

तपासणीचा तक्ता समितीला पाठवला, त्या त्रिकोणांची हकीकतही लिहिली. उरलेले तास मंजूर झाले.

मध्ये आणखीही काही शिकावं लागलं. रांगेत नंबर लवकर लागावा असं वाटत असेल तर वेळ नेमका मागायचा. मी भीतीनं सुरुवातीला जास्तीत जास्त वेळ मागायची आणि दीड-दोन दिवस चिठ्ठी तशीच पडून राहायची. पाच तासच मागितले की मोठ्या कामांच्या मधल्या फटीत स्लर्म ते काम बसवतो. आणि स्क्रॅचवरच्या, म्हणजे यंत्रावरच्या तात्पुरत्या जागेतल्या, फायली ठरावीक मुदतीनंतर पुसल्या जातात. ती सूचना मी वाचली नाही आणि दोन वेळच्या मांडणीचे सगळे आकडे गमावले. दर वेळच्या फायली नऊ-दहा जीबीच्या, त्या सांगलीला उतरवून घ्यायला रात्र जायची. त्यानंतर दर शनिवारी उतरवून घेण्याचा नेमच केला.

एकदा पुण्याला गेले असताना परवानगी काढून यंत्र पाहिलं. काचेपलीकडे काळ्या कपाटांच्या रांगा आणि पंख्यांचा असा आवाज की शेजारचं बोलणं ऐकू येईना. कपाटाच्या मागच्या बाजूनं पाण्याच्या नळ्या थेट प्रोसेसरपर्यंत गेलेल्या होत्या, थंड पाणी आत, गरम बाहेर. ज्या पाण्यानं आमचं घर भरलं त्याचा हिशेब करणारं यंत्र पाण्यानंच गार ठेवलं जातंय, हे पाहताना माझे डोळे भरून आले. सोबतच्या अभियंत्यांनी सांगितलं की आता सर्व्हरचा बोर्डही आपल्याकडेच आखला जातो, त्याचं नाव रुद्र. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये त्या सर्व्हरवर उभे केलेले तीन परम रुद्र दिल्ली, कोलकाता आणि पुण्याजवळच्या रेडिओ दुर्बिणीसाठी सुरू झाले तेव्हा मी ती बातमी वर्गात वाचून दाखवली. प्रोसेसर अजून बाहेरचाच आहे, हेही सांगितलं. मुलांनी दोन्ही गोष्टी जाणून घ्यायला हव्यात.

एक खंत आहे. आमच्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांत अजूनही बहुतेकांना वाटतं की असं यंत्र आयआयटीवाल्यांसाठी असतं. मला सर भेटले नसते तर मीही तेच समजून दोन महिने वीज न जाण्याची प्रार्थना करत बसले असते. म्हणून आता दर वर्षी मी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना अर्जाचा तो रकाना फळ्यावर लिहून दाखवते आणि स्वतःच्या संगणकावर एक, दोन, चार कोअरचा तक्ता काढायला लावते.

साठ मांडण्या झाल्यावर २०१९ चा नकाशा तयार झाला. जुलै २०२१ ला पुन्हा पूर आला होता. त्याचे आकडे मी मुद्दाम बाजूला ठेवले होते, मांडणी जुळवताना त्यांना हात लावला नव्हता. तोही पूर त्याच खरखरीतपणावर चालवून पाहिला आणि भिंतींवरच्या रेघांशी ताडला. बहुतेक ठिकाणी फरक फूटभराच्या आत. सांगलीवाडीकडे थोडा जास्त येतो, तिथल्या लेव्हल पुन्हा घ्यायच्या आहेत.

आमच्या घरच्या पट्टीपाशी मी टेप घेऊन गेले. मांडणीतलं पाणी बाबांच्या पेन्सिलीच्या रेघेच्या खाली चौदा इंच येत होतं. मला वाईट वाटलं, सगळ्या गावात फूट आणि नेमकं आपल्याच घरात त्याहून जास्त. बाबांनी लॅपटॉपवरचा नकाशा जवळून पाहिला. मग म्हणाले, "अगं, मागची चाळ पाडून तिथे भराव टाकलाय तो तुझ्यात आहे का?" नव्हता. उपग्रहाचे आकडे त्या आधीचे होते, आणि आम्ही लेव्हल रस्त्याच्या घेतल्या होत्या, मागच्या आवाराच्या नाही. तो भराव घातला, पुन्हा चालवलं. फरक पाच इंचांवर आला.

त्या संध्याकाळी चहा घेताना त्यांनी विचारलं, "हे सगळं झालं ते झालेल्या पुराचं. येणाऱ्याचं किती आधी सांगशील?"

मी हिशेब सांगितला. पुढच्या दोन दिवसांचा पूर मांडायचा तर १९२ कोअरवर तासाभराच्या आत होतो. पण वरून कोयनेतून, वारणेतून नेमकं किती येणार हे आधी पक्कं नसतं, म्हणून कमी-जास्त धरून वीस तरी मांडण्या कराव्या लागतील, एकाच वेळी. दर सहा तासांनी पुन्हा.

"आणि नंबर लागायला?"

त्यांना रांगेचं माहीत होतं. मी वर्षभर घरात तेच बोलत होते.

नवा अर्ज सध्या टेबलावर आहे. त्यात या वेळी जून ते सप्टेंबर राखीव नोडची मागणी आहे, म्हणजे पाणी ४० फुटांवर गेल्यावर आमच्या कामाला रांगेत उभं राहावं लागू नये. अशी मागणी का मान्य करावी याच्या कारणासाठी अर्ध्या पानाची जागा दिली आहे. सरांनी मसुदा दोनदा तपासला. आता प्राचार्यांची सही घ्यायची आहे.